आतलं चाक

४ फेब्रुवारी

यांच्या गोळ्यांची नोंद ठेवायला म्हणून ही वही आणली होती. गोळ्या संपल्या, पानं उरली. कोरी पानं टाकून देणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून आजपासून मीच लिहिणार. वाचणारं कुणी नाही. माझं अक्षर यांना लागत नाही, मुंग्या चालल्यासारखं वाटतं म्हणे. तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

आज लेकीचा फोन आला. तिला तिसऱ्यांदा दिवस गेलेत, सातवा महिना चालू आहे. आधी दोन्ही वेळेला हाती काही लागलं नाही आणि या खेपेला डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलंय. जावई दिवसभर कामावर. "आई, मार्च संपायच्या आत ये. मला एकटीला भीती वाटते," म्हणाली. भीती वाटते म्हणणारी मुलगी नव्हे ती. मी येते म्हणून बसले, पण राहायचं कुठे ते फोन ठेवल्यावर सुचलं.

त्यांचं घर एका खोलीचं. पलंग आणि पाळणा ठेवला की पाय ठेवायला जागा नाही. पण आमचं घर चाकांवर आहे. ते तिच्या इमारतीखाली नेऊन उभं करायचं, एवढंच. ही गाडी म्हणजे एके काळची इस्पितळाची एक्स-रेची व्हॅन. यांनी ती भंगारात जाता जाता उचलली आणि आत पलंग, शेगडी, मोरी सगळं स्वतःच्या हातानं बसवलं. निवृत्त झाल्यापासून आम्ही हिच्यातच राहतो. चार गावं हिंडलो, मग इथे बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे मुक्काम ठोकला तो ठोकलाच. मागच्या वर्षी हे आजारी पडल्यापासून गाडी जागची हललेली नाही.

आजारपण म्हणजे रक्तात जंतू झाले होते. महिनाभर कसली कसली जहाल इंजेक्शनं दिली. जगले, हेच पुष्कळ. पण तेव्हापासून तोल जातो, चालताना भिंत धरावी लागते. त्यामुळे गाडी आता मी चालवायची. परवाना आहे माझ्याकडे. हिंमत किती आहे ते रस्त्यावर कळेल.

९ फेब्रुवारी

आज सतरंजी घेऊन गाडीखाली शिरले. या वयात ही कसरत. हे खुर्ची टाकून बाहेर बसले होते आणि तिथून हुकूम सोडत होते.

वरून बघाल तर टायर कोरे दिसतात. यांनी दर आठवड्याला काळं पॉलिश लावून लावून ते नवऱ्या मुलाच्या बुटांसारखे ठेवलेत. पण खाली गेल्यावर बाजूच्या रबरावर बारीक भेगा दिसल्या, नख घातलं तर नख आत जाईल अशा. टायरच्या अंगावर तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला त्याचे आकडे असतात. मी ते पुसून वाचले. लेकीच्या लग्नाआधीचे निघाले.

"नक्षी तर शाबूत आहे," हे म्हणाले.

"नक्षीचं काय घेऊन बसलात? भेगा पडल्यात."

"हो, ते पॉलिश चांगलंच आहे."

मी तशीच खालून बघत राहिले. यांना नको असलेलं बोलणं टाळायची ही नवी तऱ्हा निघाली आहे. विचारावं एक, सांगतात दुसरंच. मग बाहेर आले, समोर उभी राहिले आणि टायर बदलायचे म्हणजे बदलायचे असं ठणकावून सांगितलं. तेव्हा मात्र मुकाट्यानं मान हलवली. म्हणाले, "पळून मरत नाही टायर. उभा राहून मरतो." स्वतःबद्दलच बोलल्यासारखे बोलले, म्हणून मला वाईट वाटलं.

१४ फेब्रुवारी

गाडी चालवली. वखारीपासून टायरवाल्याच्या दुकानापर्यंतच, पण चालवली. हात इतके घामेजले होते की स्टिअरिंगवरून घसरत होते. हे मागच्या खुर्चीवर, म्हणजे बरोबर मागच्या चाकांच्या वर, भिंतीला टेकून बसले. आमचं ठरलंय: पुढचं मी बघायचं, मागचं यांनी ऐकायचं. काही वेगळं वाटलं तर हे मधल्या फळीवर काठी दोनदा आपटणार, मी थांबणार.

यांचं ऐकणं म्हणजे साधं नव्हे. ट्रकच्या गॅरेजात सगळी हयात गेली. तिथे यांना नावानं कुणी हाकच मारली नाही, सगळे 'वैद्य' म्हणायचे. लाकडी मोगरीनं टायरवर एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. हवा भरपूर असेल तर टणकन वाजतो, कमी असेल तर भद्द. मागे दोन-दोन चाकं जोडीनं असतात. त्यातलं आतलं चाक दिसत नाही आणि त्याच्या हवा भरायच्या तोंडापर्यंत हातही नीट पोचत नाही. बाहेरचं चाक गाडी पेलतं, त्यामुळे आतल्यातली हवा गेली तरी गाडी झुकत नाही. ते कळतं फक्त ठोक्यावर. वैद्यांनी ठोकून सोडलेली गाडी निर्धास्त न्यावी, असं ड्रायव्हर सांगायचे. मी स्वतः ऐकलंय.

टायरवाला चाळिशीचा असेल. धुळीसाठी तोंडाला फडकं बांधून असतो आणि त्यातूनच अखंड बोलतो. आधी गाडी काट्यावर नेऊन एकेका कोपऱ्याचं वजन करायला लावलं. शेगडी, पाण्याची टाकी, यांची हत्यारांची पेटी, सगळं उजव्या अंगाला. "काकू, उजवीकडे भार जास्त आहे. हवा वजन बघून भरायची असते, अंदाजानं नाही." मग सहाही टायर बदलले. नव्या टायरांवरचे आकडे मला वाचायला लावले. जुना आतला टायर काढला तर त्याच्या पोटातून दोरे बाहेर आले होते, शिवण उसवल्यासारखे.

शेवटी त्यानं आतल्या दोन्ही चाकांना लांब नळ्या बसवल्या. आता बाहेर उभं राहून मीटर लावता येतो. मला तर फार आवडल्या. यांना नाही आवडल्या. दिवसभर त्या टायरवाल्याशी यांचं बिनसलेलंच होतं. तो काही विचारायचा, हे तिसरंच उत्तर द्यायचे, तो माझ्याकडे बघायचा. येताना म्हणाले, "तोंडातल्या तोंडात बोलतो. असल्या माणसाचं काम धड नसतं."

१५ फेब्रुवारी

नळ्या काढल्या. यांचं म्हणणं, गाडी हलली की त्या सैल होतात आणि तिथूनच हवा गळते. गॅरेजात अशा गाड्या रोज यायच्या. "मी आहे ना ऐकायला," म्हणाले. आणखी वर, "का, भरवसा नाही?"

आजारपणानंतर या माणसाकडे उरलंय काय? गाडी चालवता येत नाही, पाना फिरवायला उभं राहता येत नाही. कान तेवढा उरलाय. मी गाडीखाली गेले, हात घालून नळ्या काढल्या आणि टोपण लावलं. चूक केली की बरोबर, कळत नाही. टायरवाल्यानं चार वेळा बजावलं होतं.

२० फेब्रुवारी

एक गंमत लिहून ठेवते. हल्ली मी बोलायला लागले की हे हातातलं काम ठेवून माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही असं बघितलं नव्हतं. तेव्हा मी बोलत असले की पेपर वर. माणूस मरणाच्या दारातून परत आला की बायकोची किंमत कळत असावी. मी आपली मुद्दाम जास्त बोलते.

त्यावर विरजण म्हणजे आजची किटली. मी पाणी आणायला गेले होते. येऊन बघते तर शिट्टी वाजते आहे, वखारीच्या फाटकापर्यंत ऐकू येते आहे, आणि हे शेगडीला पाठ करून वीतभर अंतरावर बसलेत. किटली कोरडी पडून काळी झाली. मी ओरडले तर दचकले. विचारात होतो म्हणाले. कसला विचार, तर सांगेनात. रात्री अंगावर पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड केलं.

लेकीच्या फोनवरही बोलत नाहीत. मी फोन पुढे केला की "तूच बोल, मला रडू येतं" म्हणून हात झटकतात. लेकीनं आज विचारलंच, "बाबा रागावलेत का माझ्यावर?"

२७ फेब्रुवारी

नवं चाक बसवल्यावर थोडं चालवून नट पुन्हा आवळून घ्यायचे असतात, म्हणून टायरवाल्याकडे गेलो. नळ्या नाहीत हे बघून त्यानं तोंडाचं फडकंच काढलं.

"काकू, मोगरीनं मेलेला टायर कळतो. अर्धा मेलेला नाही कळत."

"यांना कळतो."

"काकांना मी मघाशी विचारलं, चाव्या कुठे आहेत. ते म्हणाले, पाऊस येणार नाही."

मला राग आला. आजारी माणसाची टिंगल करू नये. मी तसं बोलले. त्यानं नट आवळले, हवा भरली, आणि निघताना नळ्यांची नवीन जोडी माझ्या हातात ठेवली. "रस्त्यात वाटलं तर लावा. कुठलाही पंक्चरवाला लावून देईल." मी त्या मोरीखालच्या खणात टाकल्या.

११ मार्च

उद्या निघायचं. भांडी फडक्यात बांधली. डॉक्टरांची चिठ्ठी आली होती, तपासणीला या म्हणून, कान-डोळे-रक्त सगळं. मागेही एकदा आली होती. यांनी दोन्ही फाडून टाकल्या. म्हणाले, "डॉक्टरला काही ना काही सापडतंच. मग लेक म्हणेल, गाडी विका आणि एका जागी बसा." खरं आहे ते. जावयानं मागे तसं सुचवलंही होतं. तेव्हा यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता.

मला मात्र, इथे लिहायला काय हरकत आहे, एका जागी बसायला आवडेल. पक्क्या भिंतीची न्हाणी हवी. पण यांना भिंतीत बसवलं की संपलं.

१२ मार्च

निघालो. सकाळी मोगरीचा कार्यक्रम झाला. मी ठोकते, हे टायरवर तळवा ठेवून डोळे मिटतात. आधी नुसते उभे राहायचे, आता तळवा ठेवतात. आतल्या चाकाला तळवा पोचत नाही, तेव्हा नुसती मान तिरपी करतात. "ठीक. ठीक. ठीक." सहा वेळा.

वाटेत लोक हात हलवत होते. घराएवढी गाडी आणि स्टिअरिंगमागे म्हातारी, बघण्यासारखंच आहे. पोरं तर शेजारून धावत ओरडतात. हे मागच्या खिडकीतून सगळ्यांना राजासारखा हात करतात. संध्याकाळी एका पेट्रोल पंपाच्या आवारात थांबलो. माझी कंबर धरली आहे, पण मन हलकं आहे. लेकीला फोन केला. म्हणाली, "आई, आत पाय मारतंय."

१४ मार्च, सकाळी

निघायच्या आधी दोन ओळी. आज ठोकताना उजवीकडच्या आतल्या चाकाचा आवाज मला वेगळा वाटला. डावीकडचं आतलं जसं वाजलं तसं वाजलं नाही. मी पुन्हा ठोकलं. तरी तसंच. "अहो, हे जरा भद्द वाजतंय का?" विचारलं. यांनी माझ्याकडे बघितलं, मान तिरपी केली, म्हणाले, "ठीक आहे. चल, उशीर होतोय."

त्या नळ्या खणात आहेत. पण पंक्चरवाला शोधायचा, थांबायचं, यांचं तोंड उतरायचं. आणि माझ्या कानाला काय कळतं? मी आयुष्यभर शिलाई मशीन ऐकलं. आज संध्याकाळपर्यंत लेकीकडे पोचू.

१७ मार्च

लिहायला हात होत नाही. पण लिहिलं नाही तर वेड लागेल.

दुपारची वेळ होती. वारा फार म्हणून मी खिडकी लावून घेतली होती. मागून एक मोटरसायकलवाला सारखा हॉर्न वाजवत होता. पुढे जायचं असेल म्हणून मी कडेला घेतलं. तो पुढे आला नाही. आरशात दिसलं, तो मागच्या चाकांशेजारी, यांच्या खिडकीशी गाडी लावून चालला होता, एक हात सोडून काहीतरी करत होता. मी काठीच्या आवाजाची वाट बघितली. फळीवर काही वाजलं नाही. म्हणजे सगळं ठीक आहे, असंच मला वाटलं.

मग फुटलं. इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नाही. उजवीकडचा बाहेरचा टायर फुटला आणि त्याचे तुकडे त्या मुलाला लागले. मी गाडी कशी थांबवली आठवत नाही. उतरले तर तो मागे रस्त्यावर पडलेला आणि आमच्या गाडीखालून धूर. यांना ओढून काढेपर्यंत ज्वाळा पलंगापर्यंत आल्या होत्या. लोकांनी मला धरून ठेवलं. आमचं घर डोळ्यांदेखत जळालं. पर्स गळ्यात होती, तिच्यात ही वही होती, म्हणून ही वाचली.

तो मुलगा संध्याकाळ व्हायच्या आत गेला. जावयाच्या वयाचा होता.

आम्ही आता जावयाकडे आहोत. लेक पलंगावर, आम्ही खाली चटईवर. तिला नुसतं गाडी बिघडली एवढंच सांगितलंय. यांच्या पायाला भाजलंय. बोलत नाहीत. एकदाच बोलले. मी विचारलं, "तो खिडकीशी काय करत होता?" तर म्हणाले, "हात करत होता. मीही केला."

१९ मार्च

पोलीस ठाण्यात जबाब झाला. साहेब वयानं लहान आहेत, नीट बोलले. त्यांच्या माणसानं सांगितलं, आतल्या चाकात हवा नव्हती. ते नुसतं घासत, तापत गेलं, सगळा भार बाहेरच्यावर आला, तो फुटला आणि आतल्यानं पेट घेतला. टायर जळून खाक झाले. आता शब्द उरला तो आमचाच.

"हवा तपासली होती का?"

"रोज सकाळी. त्याही दिवशी. माझे यजमान नुसत्या ठोक्यावर सांगतात, त्यांचा कान कधी चुकलेला नाही. सकाळी हवा होती. ती मधेच गेली, म्हणजे टायरच खराब होता किंवा बसवणाऱ्यानं चूक केली."

ठामपणे सांगितलं मी. हे शेजारी मान खाली घालून बसले होते. यांना साहेबांनी विचारलं तेव्हा मीच म्हटलं, त्यांना धक्का बसलाय, मी सांगते. नळ्यांचं कुणी विचारलं नाही. मी बोलले नाही.

२५ मार्च

टायरवाल्याला धरून नेलंय. दुकानाला कुलूप. त्याच्या बायकोचा फोन आला होता. रडत नव्हती. नुसतं विचारत होती, "काकू, त्यांनी नळ्या लावल्या होत्या ना हो? ते म्हणतात लावल्या होत्या."

"नळ्यांचा काही संबंध नाही," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. जावई म्हणाला, "आई, तुम्ही आता त्यात पडू नका. एक माणूस मेलाय. दोष कुणाच्या तरी माथी जाणारच."

संबंध नाहीच. यांनी ऐकलं होतं. यांनी ठीक म्हटलं होतं. तोच आवाज माझ्या डोक्यात सारखा वाजतो, भद्द, आणि मी तो पुसून टाकते. माझं काही चुकलं असेल तर ते मोगरी धरण्यात चुकलं असेल. नीट ठोकलंच नसेन.

२ एप्रिल

मुलगी झाली. दिवस भरायच्या थोडं आधी, पण धडधाकट आहे. लेक सुखरूप आहे. मी देवाला हात जोडले आणि मग त्या मुलाच्या आईची आठवण आली, तेव्हा हात खाली घेतले.

संध्याकाळी यांना इस्पितळात तिच्या खोलीत नेलं. नर्सनं पोरीला यांच्या मांडीवर ठेवलं. पोरगी तापट निघाली आहे. आजोबांच्या मांडीवर गेल्या गेल्या जे भोकाड पसरलं, ते थांबेना. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, दोन खोल्यांपलीकडची बाई डोकावून गेली. हे खाली वाकून तिच्या कपाळावरचं जावळ सारखं करत होते, पोरीनं तोंड दुपट्यात खुपसलेलं. मग वर बघून कौतुकानं म्हणाले, "किती शांत आहे गं. आपली तर घर डोक्यावर घ्यायची."

लेक हसली. तिला वाटलं, बाबा थट्टा करतायत. जावईही हसला.

मी पलंगाची कड धरून उभी राहिले. किटली आठवली. फोन आठवला. माझ्या तोंडाकडे बघत बसणं आठवलं, आणि त्यावर मी सुखावले होते ते आठवलं. सहा ठोके, सहा वेळा ठीक. मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

३ एप्रिल

हे गॅलरीत पाठमोरे बसले होते. मी मागे जाऊन उभी राहिले. हळू हाक मारली. मग नेहमीसारखी. मग मोठ्यांदा. शेजारच्या गॅलरीतली बाई वळली. हे वळले नाहीत.

पुढे जाऊन बसले. विचारलं, "कधीपासून?"

यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. खोटं बोलतील असं वाटलं होतं. नाही बोलले. "इंजेक्शनांपासून. आधी शिट्ट्या ऐकू यायच्या, मग तेही गेलं. ओठांवरून निम्मं कळतं, कानाशी ओरडलं तर एखादा शब्द. तळव्याला थोडं कळतं."

"आतल्या चाकाचं?"

"ते नाही कळत."

मला इतका संताप आला की याच हातांनी मारावं. म्हटलं, तुम्ही एक माणूस मारलात. म्हटलं, मी विचारलं होतं, भद्द वाजतंय का म्हणून विचारलं होतं. हे म्हणाले, "तू ओठ हलवलेस तेवढे दिसले. मला वाटलं, निघू या म्हणतेयस." मग मी रडले. कारण आवाज मला ऐकू आला होता. मला कान आहेत. मी माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही, यांच्यावर ठेवला, आणि नळ्या माझ्या हातांनी काढल्या.

बऱ्याच वेळानं मी यांची हनुवटी वर केली आणि सावकाश म्हटलं, "टायरवाल्याला सोडवायला हवं."

"मग सगळ्यांना कळेल."

"हो."

"गॅरेजातल्यांनाही."

"हो."

यांनी एकदा हाताच्या तळव्याकडे बघितलं. म्हणाले, "तू बोलू नकोस. मी बोलतो."

६ एप्रिल

आज पोलीस ठाण्यात गेलो. लेकीला सगळं सांगून गेलो. ती बाबांचा हात धरून बसली.

साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या. मागे भिंतीशी बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, मांडीवर हेल्मेट. मी ओळखलं नाही. साहेब त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलले तेव्हा कळलं, मुलाचे वडील. त्याचं सामान न्यायला आले होते. मला परत फिरावंसं वाटलं. यांनी त्यांच्याकडे बघितलं होतं की नाही कोण जाणे.

आधी मी नळ्यांचं सांगितलं. टायरवाल्यानं बसवल्या, मी काढल्या, त्यानं बजावलं होतं, पुन्हा दिल्या, मी लावल्या नाहीत. त्या सकाळी आवाज वेगळा आला होता, तेही सांगितलं. साहेब लिहून घेत होते. मग त्यांनी यांना प्रश्न विचारला, कागदाकडे बघतच. हे माझ्याकडे वळले.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं. हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले. "मी सांगते त्यांना. तुम्ही विचारा."

"तपासणी कधीपासून अशी करत होतात?" मी यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. कळलं नाही. आणखी मोठ्यांदा विचारलं. कपाटापाशी उभे असलेले शिपाई बोलायचे थांबले. तिसऱ्या वेळेला मी ओरडले तेव्हा हे म्हणाले, "पहिल्यापासून. पण आजारपणानंतर ऐकू येत नव्हतं. मी खोटंच ठीक म्हणत होतो." आपला आवाज किती मोठा निघतोय ते यांना कळत नव्हतं. बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला असेल.

प्रत्येक प्रश्न असाच. साहेब हळू विचारायचे, मी ओरडायची, हे ओरडून उत्तर द्यायचे. ज्या माणसाचा कान लोक देवासारखा मानायचे, त्याच्या कानात मी भर ठाण्यात बोंबलत होते. यांनी एकदाही मान खाली घातली नाही.

"तो मुलगा खिडकीशी येऊन ओरडत होता. ते ऐकू आलं का?"

मी तेही ओरडून विचारलं.

"नाही," हे म्हणाले. मग साहेबांकडेच बघत म्हणाले, "काय म्हणत होता तो?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. एकदा बाकाकडे बघितलं. "काय म्हणणार, काका. थांबा म्हणत असेल."

हे माझ्याकडे वळून वाट बघत राहिले. यांना कळलं नव्हतं. सांगायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मी यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "थांबा म्हणत होता." एकदा. मग पुन्हा, "थांबा. थांबा म्हणत होता."

बाकावरचे गृहस्थ उठले आणि हेल्मेट घेऊन बाहेर गेले.